अंग धुतलं की खाज सुटते, तीही दरवर्षी: बोअरला दोष देण्याआधी हे तपासा

दसरा झाला, सोयाबीन निघालं, पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटू लागली की गावात ही तक्रार सुरू होते. "अंग धुतलं की खाजवतच बसा लागते बाप्पा." नडग्या, पोटऱ्या, कंबर, दंडाची बाहेरची बाजू. खाजवलं की पांढरा भुसा पडतो, नखाची रेघ उमटून राहते. होळीपर्यंत हे चालतं, उन्हाळ्यात विसरायला होतं आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा तेच.

उपायही ठरलेले असतात. साबण बदलायचा, बोअरला शिव्या द्यायच्या, बादलीत तुरटी फिरवायची, मेडिकलमधून एक ट्यूब आणायची. कोणी म्हणतं रक्त खराब झालं, मग गोड बंद, वांगं बंद. थोडे दिवस बरं वाटतं, कारण तोवर थंडीच ओसरलेली असते.

अशी ठरल्या वेळी येणारी खाज बहुतेक घरांत आंघोळीच्या तीन सवयींतून येते: पाणी कढत, साबण अंगभर आणि तेल लावायला उशीर. हे सुधारायला पैसा लागत नाही आणि आंघोळीचं सुखही सोडावं लागत नाही. उलट ते जरा वाढतंच. मात्र त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं घ्या, कारण उत्तर वेगळं आलं तर सवयी बदलून काही होणार नाही.

आधी हे दोन प्रश्न

खाज रात्री अंथरुणात जास्त येते का, आणि घरातल्या आणखी कोणाला आहे का? दोन्हींना 'हो' असेल तर बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, बेंबीभोवती आणि काखेजवळ बारीक पुरळ आहे का ते पाहा. असेल तर ती खरूज धरून चाला. कातडीत बीळ करून राहणाऱ्या बारीक किड्याचा हा त्रास आहे. आंघोळीने तो येत नाही आणि आंघोळीने जातही नाही.

खाज गोल चट्ट्यात आहे का, ज्याची कडा लाल, उठलेली आणि मधला भाग निवळलेला? तो नायटा. जांघेत, कमरेला, काखेत, बायकांना छातीखाली.

या दोन्हींकडे खाली वळू. दोन्ही नसेल, कातडी नुसती कोरडी, खवलेदार असेल आणि खाज अंग पुसल्यावर अर्ध्या तासात सुरू होत असेल, तर सरळ पुढचं वाचा.

पाण्याचा दोष किती?

आपल्याकडचं पाणी जड आहे यात वाद नाही. पश्चिम विदर्भाच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, त्यात मिठाची भर पडते. बंबाच्या तळाशी चुन्यासारखा थर, बादलीच्या कडेला पांढरी रेघ, तूरडाळ शिजता शिजत नाही. ही लक्षणं ज्यांच्या घरी आहेत त्यांना मीटरची गरज नाही.

तरी खात्री करायची तर एक सोपी चाचणी आहे. दोन सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत आरओच्या कॅनचं पाणी, दुसरीत घरच्या बोअरचं, दोन्ही अर्ध्याहून कमी. अंगाच्या साबणाचा नखाएवढा किस दोन्हींत टाकून जोरात हलवा. एकीत फेस टिकेल. दुसरीत फेस लवकर बसला आणि दह्याच्या फुटक्या पाण्यासारखा गढूळ साका दिसला, तर पाणी जड आहे. ही चाचणी कपड्याच्या पावडरीने करू नका. पावडर जड पाण्यातही फेस देते, म्हणून काही कळत नाही.

आकडा हवा असेल तर ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल मागा. त्यात 'टोटल हार्डनेस', म्हणजे एकूण कठीणपणा (पाण्याचा जडपणा), अशी ओळ असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. घरोघरी आलेला छोटा टीडीएस मीटर हे सांगत नाही. तो पाण्यात विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो, मग मीठ असो वा चुना.

तो साका हाच खरा उपद्रव. साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारी चिकट पूड तयार होते आणि ती बाटलीत जशी दिसते तशीच कातडीवर बसते. "कितीही पाणी ओतलं तरी अंग सुळसुळीत होत नाही, खरखरीतच लागते" हे त्यामुळेच. म्हणजे जड पाणी एकटं फारसं करत नाही, साबणासोबत करतं. साबण कमी केला की पाण्याचा अर्धा दोष तिथेच संपतो.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. इंग्लंडमध्ये जड पाण्याच्या भागात राहणाऱ्या, इसब असलेल्या ३३६ मुलांवर एक चाचणी झाली. काही मुलांच्या घरी पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं, काहींच्या नाही. २०११ साली निकाल आला: नेहमीच्या उपचारावर यंत्राने काही अधिक फायदा दिला नाही. म्हणून नळाला बसवायच्या महागड्या फिल्टरसाठी सोयाबीनचे पैसे काढण्याआधी थांबा. हजारो रुपये वाचतील.

तुरटीबद्दलही एकदा स्पष्ट सांगतो. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा जात नाही. पाणी उकळल्याने कठीणपणाचा एक भाग जातो, तोच बंबाच्या तळाशी थर होऊन बसतो. उरलेला तसाच राहतो. धुण्याचा सोडा टाकला की पाणी मऊ होतं खरं, पण ते कपड्यांपुरतं. सोड्याच्या पाण्याने अंग धुतलं तर खाज दुप्पट.

पाण्यापुरतं करण्यासारखं एकच आहे. शेवटचे दोन तांबे मऊ पाण्याचे घ्या. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं पाणी वाहून गेल्यावर साठवलेलं चालतं, नाहीतर आरओच्या कॅनमधलं. सगळी आंघोळ त्या पाण्याने करायची गरज नाही. खारपाणपट्ट्यात मात्र हे दोन तांबे टाळू नका, नाहीतर अंग वाळल्यावर मीठ कातडीवरच राहतं. काही जण शेवटच्या पाण्यात लिंबू पिळतात. केसांना ते चालेल, अंगाला नको. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं की चट्टे उठतात आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग राहतात.

कढत पाणी

हे बोललेलं कोणालाच आवडत नाही, ते मला ठाऊक आहे. थंडीच्या पहाटे न्हाणीत बंबाची तोटी सोडावी, वाफ उठावी, पहिला तांबा खांद्यावर घ्यावा आणि "आहाहा" म्हणावं, याच्या तोडीचं सुख गावात फुकट दुसरं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. अशा दिवशी कोमट पाणी घ्या असं सांगणाऱ्याचं कोण ऐकणार?

पण कातडीच्या वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ असतात. तेच आतलं पाणी आत धरून ठेवतात. खरकट्या कढईवर कढत पाणी ओतलं की तेलकटपणा निघून येतो, तसंच इथंही होतं. वर विदर्भाची हिवाळी हवा इतकी कोरडी की उघड्या कातडीतलं पाणी झपाट्याने उडतं. खाज ही त्या कोरडेपणाची बोंब असते. कढत पाणी अंगावर पडताना खाज क्षणभर थांबते, म्हणून माणूस आणखी गरम घेतो, आणि अर्ध्या तासाने दुप्पट खाजवतो. वर्षानुवर्षं त्रास जात नाही तो या फेऱ्यामुळे.

तडजोड अशी. गंगाळात विसण घालून कोपर बुडवून पाहा. कोपराला उबदार लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये. सुख तापमानात कमी केलं तर ते दुसरीकडून भरून घ्या. न्हाणीचं दार लावा, वारा येत असेल तिथं पोतं टांगा, टॉवेल आधी उन्हात किंवा चुलीच्या उबेला ठेवा. थंडी वाजते ती पाण्यापेक्षा जास्त उघड्या अंगावर येणाऱ्या वाऱ्याने. आणि शक्य असेल त्यांनी हिवाळ्यात पहाटेचा हट्ट सोडून ऊन अंगणात आल्यावर आंघोळ करावी. शेतातून आल्यावर संध्याकाळी केली तर तीच पुरे, सकाळी हात-पाय-तोंड धुतलं तरी चालतं. दिवसातून दोन गरम आंघोळी हिवाळ्यात कोरड्या अंगाला परवडत नाहीत.

वेळ दहा मिनिटांच्या आत ठेवा.

साबण कुठं लावायचा

काख, जांघ, पाय आणि जिथे खरोखर माती-घाम लागलाय तिथे. बस. हिवाळ्यात पाठ, पोट, दंड, पोटऱ्या यांना रोज साबणाची गरज नसते, पाणी आणि हात पुरे.

आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू, म्हणजे पीएच, ५ च्या आसपास. साबणाच्या फेसाचा ९ ते १०. लोणारच्या सरोवराचं पाणीही साधारण तितकंच क्षारीय आहे. त्या पाण्याने रोज अंग चोळायला आपण तयार झालो नसतो.

वेष्टणावर टीएफएमचा आकडा असतो, म्हणजे साबणात स्निग्धांशाचं प्रमाण किती. पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के, तिसऱ्या प्रतीत ६०. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वड्या वेगळ्या मानकात येतात आणि त्यात ४० टक्केही चालतो. किराणा दुकानात 'चारवर एक फुकट' मिळणाऱ्या वड्या बहुधा कोणत्या जातीच्या असतात ते एकदा उलटून वाचा. टीएफएम जास्त म्हणजे कातडीला औषध असं नाही, पण त्यात भरताड कमी असतं.

साबणाला घरचा पर्याय आहेच. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, त्यात थोडी साय किंवा दूध. पिठाचा जड पाण्यात साका होत नाही. शिकेकाई आणि रिठ्याचंही तसंच, म्हणून जुन्या बायका बोअर नसलेल्या काळातही विहिरीच्या जड पाण्याने केस छान धुवायच्या. पीठ पातळ कालवा आणि हळू हाताने फिरवा. वाळवून, खरडून काढलं की ते काचकागदाचं काम करतं. मुलतानी माती मात्र हिवाळ्यात पोत्यातच राहू द्या, ती तेल शोषून घेते.

नायलॉनची जाळी, नारळाची शेंडी, घासायचा दगड यांचं काम टाचांपुरतं. मळ निघतोय असं वाटून जे वळवळे हाताला लागतात, त्यातला बराचसा भाग कातडीचाच असतो. बादलीत जंतुनाशकाचं झाकणभर औषध टाकायची सवयही कोरड्या अंगाला वाईट. जखम नसताना त्याचा उपयोग नाही.

एक अपवाद ठसठशीत लिहितो. फवारणीच्या दिवशी साबणाची काटकसर नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा कोणी विसरलेलं नाही. कीटकनाशक कातडीतून आत जातं. घरी आल्याबरोबर कपडे बाहेर उतरवा, ते वेगळे धुवा, आणि साबण लावून भरपूर साध्या पाण्याने डोक्यापासून आंघोळ करा. त्या वेळी गरम पाणी नको आणि घासणीही नको.

तेल केव्हा, कोणतं

ज्याला एकच बदल करायचाय त्याने हा करावा. टॉवेलने अंग खसाखसा पुसू नका, टिपा. थोडं ओलं राहू द्या आणि न्हाणीतून बाहेर पडण्याआधी, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा व्हॅसलीनसारखी जेली पातळ हाताने लावा. तेल कातडीत पाणी घालत नाही, असलेलं पाणी अडवतं. कपडे घालून, चहा पिऊन, अंग ताणायला लागल्यावर तेल लावलं तर अडवायला आत फारसं काही उरलेलं नसतं.

आंघोळीआधीचं तेलही चांगलंच, दिवाळीचं अभ्यंग तर घरोघरी होतं. पण त्यानंतर उटणं नि साबण लावून ते सगळं काढून टाकलं, तर नंतर पुन्हा बोटभर लावावं लागतं.

खोबरेल चालतं. करडईचं साधं खायचं तेल फार चांगलं आणि आपल्याच भागातलं आहे. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, जे कातडीच्या स्निग्ध थराला लागतं. सूर्यफुलाचंही तसंच. गडचिरोली-चंद्रपूरकडे मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल अंगाला लावतात. थंडीत ते गोठतं, पण हातावर चोळलं की वितळतं, आणि कोरड्या पायांना ते खोबरेलाहून जास्त टिकतं. जवसाचं तेल खायला उत्तम, अंगाला नको. ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरतं, म्हणून तर रंगात वापरतात. ग्लिसरीन निव्वळ लावू नका, अर्धं पाणी मिसळा.

नडग्या फारच खवलेदार असतील तर मेडिकलमध्ये १० टक्के युरियाचं क्रीम मिळतं. युरिया तोच, जो शेतात टाकतो, पण गोणीतला चिमूटभर कालवून लावायचा विचार कोणी करू नये. हे लिहावं लागतंय कारण तसं विचारणारे भेटतात. आणि टाचांच्या भेगांत बिब्ब्याचं तेल भरायची जुनी रीत सोडलेली बरी. बिब्ब्याने फोड येतात आणि कातडी भाजल्यासारखी होते. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवा, टिपा, जेली लावा, वर सुती मोजे घाला. भेगा भरायला दोन-तीन आठवडे लागतात.

कपड्यांकडेही एकदा पाहा. जड पाण्यात धुतलेला टॉवेल वाळल्यावर पापडासारखा उभा राहत असेल, तर त्यात साबणाचा साका आहे. कपडे दोनदा खळबळा. लोकरीचा स्वेटर उघड्या अंगावर नको, आत सुती बनियन हवी.

हे सगळं सलग दोन आठवडे करा. नुसत्या कोरडेपणाची खाज तेवढ्यात खूप खाली येते. नाही आली, तर कारण दुसरं आहे.

दोन आठवड्यांनीही खाज असेल तर

घरात कापूस भरलेला आहे का? भावाची वाट पाहत माजघरात, खाटेखाली, कधी झोपायच्या खोलीतच गंजी लावलेली असते. २०२२-२३ च्या हंगामात भाव पडल्याने पुष्कळांनी उन्हाळ्यापर्यंत कापूस ठेवला, तेव्हा अंग खाजण्याची तक्रार गावोगाव होती. जुन्या कापसातले बारीक किडे आणि धूळ यांनी पुरळ उठतं. ओळखायची खूण सोपी. दोन-चार दिवस पाहुण्या घरी राहिलं की खाज जाते, परत आलं की येते. झोपायची जागा बदला, गंजी ताडपत्रीने झाका, कापूस हाताळल्यावर लगेच अंग धुऊन कपडे बदला. जमेल तेव्हा विका, हे सांगणं सोपं आहे, विकणं तुमच्या हातात नाही, हेही मान्य.

चेहरा, पापण्या, मान, कोपराची खोबण, म्हणजे उघडे भाग खाजत असतील आणि त्रास पावसाळ्यात आणि उन्हात वाढत असेल, तर बांधावरच्या गाजरगवताचा संशय घ्या. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे गवत आज प्रत्येक धुऱ्यावर आहे. त्याचं वावडं जडलं की हात न लावताही, नुसती भुकटी उडाली तरी कातडी सुजते. उपटताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला, आणि वाळलेलं गवत पेटवू नका. हा त्रास एकदा जडला की सहसा कायमचा राहतो, म्हणून चामडीच्या डॉक्टरांकडे लवकर जा.

गरम पाणी पडताच बारीक गांधी उठतात आणि तासाभरात मावळतात, असं तरुण मुलांना हिवाळ्यात होतं. दुपारी उन्हात चालल्यावर, तिखट खाल्ल्यावरही तसंच होतं. ते ॲलर्जीच्या साध्या गोळीने आवरतं, पण गोळी विचारून घ्या, काहींनी झोप येते.

भंडारा-गोंदियाच्या बाजूला तलावात किंवा धानाच्या बांधीत उतरल्यावर पायांवर बारीक टोचरं पुरळ येत असेल, तर ते गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या जंतूंच्या अळ्यांमुळे असू शकतं. त्या माणसाच्या कातडीत शिरून तिथेच मरतात. बाहेर आल्याबरोबर पाय टिपून कोरडे करा. रोवणीतल्या चिखल्यांचं दुखणं वेगळं, तिथे बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या ठेवणं हाच निम्मा उपचार.

आता नायटा. दरवर्षी परत येण्यात याचा पहिला नंबर, आणि त्याला कारण मेडिकलची ट्यूब. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरकस स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असलेलं मलम लावलं की दोन दिवसांत लाली आणि खाज जाते. माणूस खूश. पण स्टिरॉइडने कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आत पसरत राहते. मलम बंद केलं की चट्टा दुप्पट होऊन उगवतो, त्याचा गोल आकारही बिघडलेला असतो, मग ओळखणंही अवघड. जांघेतली कातडी पातळ होऊन पांढरे ओरखडे पडतात, ते कायम राहतात. २०१८ साली सरकारने अशी स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. काउंटरवर ती अजून मागितली जातात आणि मिळतातही. नायट्याचं औषध आठवडे-महिने चालतं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर म्हणतील तोवर. सोबत करदोडा काढून ठेवा, ओली चड्डी आणि जीन्स अंगावर वाळू देऊ नका, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

बायकांनी परकराच्या नाडीखालची जागा पाहावी. तिथे काळपटपणा आणि खाज पुष्कळींना असते, नाडी सैल केली किंवा रुंद पट्टा लावला की निवळते. पण महिनोन्महिने न भरणारी जखम असेल तर दाखवा. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ साली अशा जागी कर्करोग झालेल्या स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली आहे. फार क्वचित होतं, पण लाजेने लपवण्यात वेळ जातो.

खरजेत एकट्याने औषध लावणं म्हणजे औषध वाया घालवणं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाजत नसलेल्यांनीही. ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बेचक्यांत लावून सकाळी आंघोळ, आणि आठवड्याने पुन्हा. तान्ही मुलं आणि गरोदर बायकांसाठी आधी विचारा. त्याच सकाळी अंथरुणं-पांघरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. जी गोधडी धुता येत नाही ती प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा, अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. औषधानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा मलम चोपडू नका.

उन्हाळ्यातली घामोळी याच्या उलट चालतात. नागपूरचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता, तशा दिवसांत तेल आणि जेली दोन्ही बंद. घामाची तोंडं बुजलेली असतात, वर तेल लावलं की आणखी बुजतात. पावडरचा थरही तेच करतो. साध्या पाण्याने दोनदा आंघोळ, सैल सुती कपडे, फार चुरचुरलं तर कॅलामाइन. पाणीटंचाईत एकच बादली मिळत असेल तर दोन तांब्यांत अंग भिजवा, साबण काख-जांघ-पायांनाच लावा आणि उरलेली सगळी बादली खळखळून ओतायला ठेवा.

यात घरी वेळ काढू नका

अंगावर काहीच दिसत नाही, पण पाणी, थंड असो वा गरम, लागलं की सुया टोचल्यासारखी खाज येते, विशेषतः चाळिशी-पन्नाशीनंतर: रक्ततपासणी करून घ्या. अंगभर खाज, सोबत डोळे पिवळे, वजन घटणं, पायावर सूज: यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, साखर यांपैकी काही असू शकतं.

आणि एक चट्टा असा, जो खाजतच नाही. फिकट किंवा तांबूस, त्यावर घाम येत नाही, टोचलं तरी कळत नाही. खाजत नाही म्हणून लोक सोडून देतात. आपल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत कुष्ठरोग अजून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची गोळ्यांची पाकिटं फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभराचा उपचार असतो आणि माणूस पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर हात-पायांच्या नसा जातात, त्या परत येत नाहीत.

डॉक्टरांकडे जाल त्या दिवशी सकाळी अंगाला तेल, मलम, पावडर काहीही लावू नका, नाहीतर चट्टा नीट दिसत नाही. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, दाबून संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. नाव आठवत नसतं, "पांढऱ्या-लाल खोक्यातली होती" एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही.